डोळे बारीक करून पाहणारा राजा : एका युद्धकालीन व्यंगचित्राचा प्रकरण अभ्यास

मुद्राचित्रणाच्या दुसऱ्या वर्षाला शिकवताना मी दर वर्षी एकच चित्र निवडतो आणि आठवडाभर ते वर्गाच्या भिंतीवर राहू देतो. या वर्षी जूनच्या शेवटच्या आठवड्यात इंग्रज व्यंगचित्रकार जेम्स गिलरे याचे ‘अफॅबिलिटी’, म्हणजे ‘सौजन्य’, हे ताम्रमुद्रित चित्र लावले होते. ते १० फेब्रुवारी १७९५ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. युद्ध चालू असताना प्रजेच्या हालांपासून दूर राहिलेल्या राजाची टिंगल कशी करावी, याचे हे उत्तम उदाहरण आहे असे मी इतकी वर्षे सांगत आलो. या वर्षी कोल्हापूरच्याच एका विद्यार्थ्याच्या एका वाक्याने माझ्या या मांडणीला धक्का बसला, आणि त्या धक्क्यामुळे हे प्रकरण पुन्हा मुळापासून तपासावे लागले. त्या तपासणीतून जे हाती आले ते येथे मांडत आहे.

आधी चित्र पाहू. एका झोपडीशेजारी एक शेतमजूर डुकरांना खाणे घालत आहे. तेवढ्यात समोरून इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज राणीला बरोबर घेऊन येतो आणि पुढे वाकून, आपले तोंड थेट त्या मजुराच्या तोंडाशी नेऊन प्रश्नांचा मारा सुरू करतो. चित्राखालचे शब्द मराठीत सांगायचे तर असे : ‘काय गड्या, कुठे निघालास, हं? नाव काय तुझे, हं? राहतोस कुठे, हं? हं?’ राजाचे डोळे बाहेर आलेले आहेत आणि मजुराची भीतीने गाळण उडाली आहे. एका प्रश्नाचे उत्तर यायच्या आत दुसरा प्रश्न येतो, त्यामुळे मजुराला तोंड उघडूनही बोलायला सवड मिळत नाही. डुकरे मात्र खाण्यात गर्क आहेत. राजाची ही लकब गिलरेने मनाने रचलेली नव्हती. तिसऱ्या जॉर्जला दूरचे नीट दिसत नसे आणि ‘काय? काय?’ असे भराभर विचारत राहण्याची त्याची सवय दरबारापासून बाजारापर्यंत सगळ्यांना ठाऊक होती.

वर्गात मी विचारले की या राजाबद्दल तुमचे काय मत होते. मागच्या बाकावरचा, कागल तालुक्यातून येणारा एक मुलगा म्हणाला, “सर, राजा चांगला वाटतोय की. आपलं महाराज बी असंच वाटंत थांबायचं, शेतकऱ्याशी बोलायचं.” आदल्याच दिवशी ही मुले शाहू जयंतीच्या कार्यक्रमासाठी दसरा चौकात जाऊन आली होती. वर्गातल्या बहुतेकांनी माना डोलावल्या. ज्या चित्राकडे मी निर्घृण टीका म्हणून बोट दाखवत होतो, ते या मुलांना राजाचे कौतुक वाटले होते, आणि त्यांचा हा अर्थ सहज बाजूला सारावा इतका चुकीचा नव्हता.

चौकटीबाहेरचे युद्ध

या चित्रात युद्ध कोठेच दिसत नाही. तोफ नाही, सैनिक नाही, जखमी माणूस नाही. तरीही १७९५च्या फेब्रुवारीत दुकानाच्या काचेतून हे चित्र पाहणाऱ्याच्या मनात युद्धाखेरीज दुसरे काही असणे कठीण होते. फ्रान्सशी युद्ध सुरू होऊन दोन वर्षे झाली होती. फ्लँडर्समध्ये, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागात, लढणाऱ्या इंग्रज सैन्याचे नेतृत्व बराच काळ राजाचा स्वतःचा मुलगा, ड्यूक ऑफ यॉर्क, याच्याकडे होते. डंकर्कचा वेढा १७९३मध्ये फसला होता आणि १७९४ संपण्यापूर्वी ड्यूकला परत बोलावून घ्यावे लागले होते. मागे राहिलेले सैन्य हॉलंडमधून पूर्वेकडे माघार घेत होते, आणि तेही अशा थंडीत की १६५९पासून ठेवल्या गेलेल्या मध्य इंग्लंडच्या तापमान-नोंदींमध्ये जानेवारी १७९५ हा आजवरचा सर्वांत थंड महिना आहे. त्या महिन्याचे सरासरी तापमान शून्याखाली ३.१ अंश होते. नद्या गोठल्या, त्या बर्फावरून फ्रेंच सैन्य पुढे सरकले, गोठलेल्या पाण्यात अडकलेली डच जहाजे त्यांच्या हाती लागली, आणि माघारीच्या वाटेवर इंग्रज शिपाई थंडीने आणि उपासमारीने रस्त्याकडेला मरून पडले. देशातही त्याच हिवाळ्याने पिकाची वाट लावली. पुढच्या काही महिन्यांत गव्हाचे भाव इतके कडाडले की मे महिन्यात बर्कशरमधल्या स्पीनहॅमलँड येथे जमलेल्या न्यायाधिकाऱ्यांनी मजुराला किती मदत द्यायची याचे कोष्टकच पावाच्या किमतीला बांधून टाकले.

हे सारे मनात ठेवून पुन्हा चित्र पाहिले की गिलरेने काय केले आहे ते लक्षात येते. ज्याच्या मुलाच्या हाताखालच्या फौजेची अशी दैना झाली, ज्याच्या राज्यात पाव महाग होणार हे दिसू लागले होते, तो राजा विंडसरच्या परिसरात फिरत फिरत एका मजुराला ‘राहतोस कुठे’ असे विचारतो, आणि ज्या झोपडीविषयी विचारतो ती त्याच्या डोळ्यांसमोर उभी असते. राजाची बेपर्वाई दाखवण्यासाठी त्याला मेजवानी झोडताना किंवा झोपलेला दाखवणे हा सोपा मार्ग होता. गिलरेने तो टाळला. त्याने राजाला अतिशय उत्सुक दाखवले. राजा विचारतो आहे, वाकून पाहतो आहे, जवळ येतो आहे, फक्त त्याच्यापर्यंत काहीही पोहोचत नाही. माझ्या मते या चित्राचा सगळा भेदकपणा येथे आहे. समोरच्याचे उत्तर कानावर न घेता केलेली विचारपूस हीसुद्धा बेपर्वाईच असते, आणि ती सिंहासनावर डुलक्या घेणाऱ्या राजाच्या चित्रापेक्षा जास्त खरी वाटते.

हे चित्र कोणी पाहिले

गिलरे तांब्याच्या पत्र्यावर काम करी. पत्र्यावर मेणासारख्या द्रव्याचा थर द्यायचा, सुईने तो ओरखडून रेषा काढायच्या, मग पत्रा अॅसिडमध्ये सोडायचा. जेथे तांबे उघडे पडले असेल तेथे अॅसिड ते खाते, त्या खाचेत शाई भरायची आणि ओलसर कागद वर ठेवून दाबयंत्रातून काढायचा. आमच्या मुलांना जस्ताच्या प्लेटवर हेच करावे लागते, म्हणून उलट्या बाजूने अक्षरे लिहिण्याची कटकट त्यांना सांगावी लागत नाही. उमटलेल्या प्रती हाताने रंगवल्या जात. गिलरेची चित्रे हॅना हम्फ्री या बाईच्या दुकानातून विकली जात. साध्या प्रतीला साधारण एक शिलिंग आणि रंगीत प्रतीला त्याच्या दुप्पट पडत. शेतमजुराची आठवड्याची कमाईच जेमतेम आठ-नऊ शिलिंगांच्या घरात होती, तेव्हा चित्रात ज्याची तारांबळ उडाली आहे तो मजूर हे चित्र विकत घेणार नव्हता. घेणारे लोक सरदार, खासदार, वकील, सुखवस्तू व्यापारी होते. मात्र दुकानाच्या काचेत लावलेली चित्रे पाहायला पैसे पडत नसत, आणि तेथे रस्ता अडेल इतकी गर्दी होत असे. म्हणजे राजाचे हे रूप दोन जागी एकाच वेळी पाहिले जात होते : उमरावांच्या बैठकीतल्या चित्रसंग्रहात आणि फुटपाथवर. उमरावाला त्यात लोचट, शेतकरी वळणाचा, राजाला न शोभणारा राजा दिसे. फुटपाथवरच्याला कदाचित आपल्या परसात आलेला राजा दिसत असावा. कागलच्या मुलाने जे पाहिले ते या दुसऱ्या नजरेच्या जवळचे होते.

आरोप कितपत खरा होता

येथे न्यायाने बोलायला हवे. तिसरा जॉर्ज युद्धाकडे दुर्लक्ष करणारा राजा नव्हता. तो पहाटे उठून पत्रे लिहीत असे आणि पत्रावर तारखेबरोबर तास आणि मिनिटेही टाकत असे. सैन्यातल्या नेमणुकांवर त्याचे बारीक लक्ष असे. शेतीची त्याची आवडही खरी होती. त्याने १७८७मध्ये ‘राल्फ रॉबिन्सन’ या टोपणनावाने शेतीविषयक नियतकालिकात लेखन केले आणि स्पेनमधून मेरिनो मेंढ्या आणवून त्यांची पैदास केली. ‘शेतकरी जॉर्ज’ हे नाव लोकांनी त्याला थट्टेने दिले असले तरी त्याला आधार होता. मग गिलरेने अन्याय केला का? मला तसे वाटत नाही. राजाला युद्धाची कागदपत्रे कळत होती, युद्धाने होणारी ओढाताण मात्र त्याच्यापर्यंत जात नव्हती. युद्ध पुढे चालू ठेवण्याच्या बाजूने तो ठाम होता, आणि त्या ठामपणाची किंमत ज्यांनी मोजली त्यांच्यापैकी एकाच्या तोंडासमोर तोंड आणून तो निरर्थक प्रश्न विचारतो आहे, एवढेच चित्रकाराने दाखवले.

त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला राजा संसदेचे अधिवेशन उघडायला निघाला तेव्हा लोकांनी त्याची बग्गी अडवली, ‘भाकरी’, ‘शांतता’, ‘पिट नको’ (पिट म्हणजे तेव्हाचा पंतप्रधान) अशा आरोळ्या उठल्या आणि बग्गीची काच फुटली. फेब्रुवारीत ज्या मजुराला तोंड उघडता आले नव्हते, त्याचे उत्तर ऑक्टोबरमध्ये रस्त्यावर आले असे म्हणण्याचा मोह होतो. तो मी आवरतो, कारण चित्रामुळे दंगल झाली असे कोणीच म्हणू शकत नाही. सरकारने मात्र डिसेंबरमध्ये दोन कायदे करून सभा आणि लेखन दोहोंवर लगाम घातला.

या कायद्यांनंतरही राजाच्या व्यंगचित्राबद्दल चित्रकाराला खेचणे सोपे नव्हते. १७९२च्या कायद्याने बदनामी झाली की नाही हे ठरवण्याचा अधिकार ज्यूरीकडे, म्हणजे नागरिकांतून निवडलेल्या पंचांकडे, गेला होता. खटला भरायचा तर सरकारी वकिलाला भर न्यायालयात सांगावे लागले असते की हा बटबटीत डोळ्यांचा माणूस आमचा राजाच आहे. जानेवारी १७९६मध्ये गिलरेला अटक झाली खरी, पण ती दुसऱ्या एका चित्राबद्दल आणि धर्मनिंदेच्या आरोपावरून झाली, आणि ते प्रकरण तडीस गेलेच नाही. कोल्हापूरच्या वाचकाला येथे १८८२ आठवल्याशिवाय राहणार नाही. कोल्हापूरच्या छत्रपतींना होणाऱ्या वागणुकीबद्दल ‘केसरी’त जे छापले त्यावरून दिवाण बर्वे यांनी बदनामीची फिर्याद केली, आणि टिळक व आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढावे लागले. छापलेल्या शब्दाची किंमत आपल्याकडे तुरुंगवासाने मोजली गेली. गिलरेच्या बाबतीत सत्तेने वेगळा उपाय केला, आणि चित्रांच्या दृष्टीने तोच जास्त परिणामकारक ठरला. १७९७च्या अखेरीपासून त्याला सरकारकडून वर्षाला २०० पौंडांचे निवृत्तिवेतन मिळू लागले. ते पिटचे मंत्रिमंडळ जाईपर्यंत, १८०१पर्यंत चालले.

मोदकाची शिवण

निवृत्तिवेतन सुरू होण्याच्या सुमारासच, २४ नोव्हेंबर १७९७ला, ‘सौजन्य’च्या जोडीला शोभेल असे एक चित्र आले. यात राजा एका म्हातारीच्या स्वयंपाकात डोकावतो. ती सफरचंद आत घालून कणकेचे उंडे वळते आहे. राजाला प्रश्न पडतो की सफरचंद आत गेले कसे, उंड्याला शिवण तर कोठेच दिसत नाही. ही गोष्ट जॉन वॉल्कॉट याने ‘पीटर पिंडार’ या नावाने दहा वर्षे आधीच कवितेत सांगून लोकांच्या तोंडी केली होती. वर्गात मी सांगितले की आपल्याकडे कोणी उकडीचा मोदक हातात धरून ‘सारण आत कोठून घातले’ असे विचारावे तसे हे आहे. मुले खळखळून हसली, आणि त्या हसण्यात राग अजिबात नव्हता.

हे हसू मला फार महत्त्वाचे वाटते. १७९७ हे इंग्लंडसाठी अत्यंत अवघड वर्ष होते. फेब्रुवारीत फ्रेंच सैनिकांची एक तुकडी वेल्समध्ये उतरली, त्याच महिन्यात बँक ऑफ इंग्लंडने नोटांच्या बदल्यात सोने देणे थांबवले, आणि एप्रिल ते जूनपर्यंत स्पिटहेड आणि नोर येथे आरमारातच बंड झाले. या पार्श्वभूमीवर उंड्याची शिवण शोधणारा राजा म्हणजे बेपर्वाईचा कळस वाटायला हवा होता. तसा तो काहींना वाटलाही असेल. पण हळूहळू लोकांना तो आपला वाटू लागला होता. फ्रान्सने आपल्या राजाचा शिरच्छेद केला होता आणि तेथे सत्ता एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे जात होती. इकडे एक साधासुधा, बायकोबरोबर फिरायला जाणारा, डुकरांकडे आणि उंड्यांकडे पाहणारा राजा होता. १९ डिसेंबर १७९७ला, म्हणजे उंड्याच्या चित्रानंतर महिन्याच्या आत, तो आरमारी विजयांबद्दल देवाचे आभार मानायला मोठ्या मिरवणुकीने सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये गेला. आरोपासाठी जी लक्षणे निवडली होती तीच लोभाची कारणे झाली.

या बदलाचा नेमका पुरावा हवा असेल तर गिलरेच्या चार चित्रांत राजाची एकच कृती पाहावी. जून १७९२च्या चित्रात राजा मेणबत्तीचा शेवटचा तुकडा धरून, डोळे बारीक करून, दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या राजाचा शिरच्छेद घडवणाऱ्या क्रॉमवेलचे लघुचित्र पाहतो. (या चित्राची जी कथा सांगितली जाते ती अशी : राजाने गिलरेची फ्लँडर्सची रेखाटने पाहून ‘ही व्यंगचित्रे मला कळत नाहीत’ असे म्हटले, म्हणून त्याने हे चित्र काढले. पण गिलरे फ्लँडर्सला गेला १७९३मध्ये, म्हणजे चित्रानंतर. कथा रसाळ असली तरी तारखा तिला पाठिंबा देत नाहीत आणि ती मी वर्गात सांगणे सोडले आहे.) १७९५मध्ये तो डोळे ताणून मजुराकडे पाहतो आणि १७९७मध्ये उंड्याकडे. पुन्हा युद्ध पेटल्यावर, २६ जून १८०३ला, गलिव्हरच्या प्रवासातल्या राक्षसांच्या राजाचे रूप देऊन गिलरेने तिसऱ्या जॉर्जला उभे केले. त्याच्या तळहातावर बोटभर उंचीचा नेपोलियन आहे आणि राजा दुर्बिणीतून त्याला न्याहाळतो आहे. तेच वाकणे, तीच अधू नजर. अकरा वर्षांपूर्वी जी राजाचे खुजेपण दाखवत होती ती नजर आता शत्रूला खुजे करते. चित्रकाराने आपले शस्त्र तसेच ठेवले आणि रोख बदलला. निवृत्तिवेतन तोपर्यंत बंद झाले होते, म्हणून हे केवळ पैशाने घडले असे म्हणता येत नाही. स्वारीची भीती आणि काळाचा रेटा त्यात होता.

पुन्हा दसरा चौक

आता त्या मुलाच्या वाक्याकडे येतो. शाहू महाराज वाटेत थांबत, लोकांशी बोलत, हे खरे आहे, आणि चित्रातला राजाही थांबला आहे. मग फरक कोठे आहे, असे मी वर्गालाच विचारले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एका मुलीने गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलाचा विषय काढला. अस्पृश्य म्हणून मार खाल्लेल्या या माणसाला महाराजांनी चहाचे दुकान काढायला मदत केली, आणि खडखडा गाडी दुकानासमोर थांबवून स्वतः तेथला चहा घेतला. तिने म्हटले, “सर, महाराजांनी त्यांच्या हातचा चहा प्यायला. ह्यो राजा त्या माणसाचं नाव पण ऐकून घेत न्हाई.” १८९६-९७च्या दुष्काळात महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली होती, हे तिला दुसऱ्या एकाने जोडून दिले. मला जे दोन तास सांगता आले नसते ते या दोन वाक्यांत आले होते. थांबण्याचे मोल थांबून पुढे काय केले यावर ठरते, आणि गिलरेने आपली रेषा नेमकी त्या ‘पुढे’च्या आधी थांबवली आहे. म्हणून इंग्लंडला पुढे त्या रिकाम्या जागेत प्रेम भरता आले आणि कोल्हापूरच्या मुलांना स्वतःच्या राजाची आठवण भरता आली.

त्यानंतर मी वर्गाला काम दिले. हेच चित्र असे पुन्हा काढायचे की राजाबद्दलचा आरोप लोभात बदलू शकणार नाही. बहुतेकांनी युद्ध आत आणले : मागे जळती घरे, कोपऱ्यात पाय तुटलेला शिपाई, आकाशात धूर. ही चित्रे वाईट नव्हती, पण ती पाहताच सगळे कळून जाई आणि दुसऱ्यांदा पाहावेसे वाटत नसे. कागलच्या मुलाने लिनोवर, म्हणजे कोरून छापण्याच्या लिनोलियमच्या तुकड्यावर, काम केले. त्याने राजा काढूनच टाकला. राणी नाही, झोपडी नाही. उरला आहे फक्त मजूर, अर्धवट उघडलेल्या तोंडाचा, हातात बादली तशीच तिरकी, आणि डुकरांच्या डोणीत सांडलेले खाणे. कागदाच्या डाव्या कडेतून एक काठीचे टोक आत आलेले आहे. ते कोरताना त्याने लिनोची धार तशीच ठेवली होती, त्यामुळे टोकाभोवती शाईचा एक खडबडीत काठ उमटला होता. वर्गातल्या पहिल्या मुलीने विचारले की ही काठी कोणाची. दुसरा म्हणाला हवालदाराची, तिसरा म्हणाला सावकाराची, एकाने एका नेत्याचे नाव घेतले. ‘माझ्या आजोबाला विचारतो’ म्हणत एकाने त्या चित्राचा फोटो काढला. ती लिनोची प्रत मी गिलरेच्या चित्राखाली लावली आणि आठवडा संपला तरी काढली नाही.